निजामोद्दीन मास्तरांची घुंगुरमाळ

जाफराबादच्या रस्त्यानं टेंभुर्णीत शिरणाऱ्या परक्या माणसाची त्या काळात हमखास फसगत व्हायची. गावाच्या तोंडाशीच बैलांच्या घुंगरांचा आवाज कानावर पडायचा आणि मागून गाडी येतेय असं समजून तो बिचारा रस्त्याच्या कडेला व्हायचा. गाडी काही यायची नाही. आवाज असायचा शाळेच्या पटांगणातला. तिथं गळ्यात बैलांच्या घंट्या बांधलेली पोरं रांगेत उभी असायची आणि काळ्या, विटक्या शेरवानीतला एक उंच, वाळकुडा माणूस मान किंचित तिरकी करून त्यांच्यामधून सावकाश चालत असायचा. परका विचारायचा, "हे काय चाललंय?" गावातलं कुणीही, अगदी भिंतीला गोवऱ्या थापणारी गोजरबाईसुद्धा, हातातलं काम न थांबवता सांगायची, "इंग्रजी चालू हाय."

निजाम सरकारचं राज्य होतं. गावातल्या शाळेला दोन खोल्या होत्या आणि दोन मास्तर. मोठे मास्तर निजामोद्दीन, त्यांच्याकडे उर्दू आणि इंग्रजी. दुसरे रखमाजी मास्तर, त्यांच्याकडे मराठी आणि गणित. रखमाजी जवळच्याच खेड्यातल्या कुणबी घरातले. अंगानं भरलेले, आवाजानं त्याहून भरलेले. त्यांचं इंग्रजीबद्दलचं मत पक्कं होतं. लाटसाहेबाशी बोलायचं असेल तर इंग्रजी लागते आणि लाटसाहेब टेंभुर्णीच्या बाजाराला काही येत नाही, सबब ती थोतांड आहे. मोठ्या मास्तरांपुढं ते हे बोलत नसत. पाठीमागं मात्र मनसोक्त बोलत.

निजामोद्दीन मास्तर मूळचे जालन्याचे. बाप पिंजारी. घरात दिवसभर पिंजणाची तार ताणताण वाजायची आणि कापूस ओला आहे की कोरडा, हे बाप नुसत्या त्या आवाजावरून सांगायचा. पोराच्या कानाला तीच सवय लागली. पुढं पाद्र्यांच्या शाळेत फरशी पुसता पुसता दाराआडून त्यानं इंग्रजी ऐकली आणि ती त्याला अशी चिकटली की पाद्रीसाहेबांनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेऊन त्याला बाकावर बसवलं. एवढा सगळा इतिहास गावाला ठाऊक होता. ठाऊक नव्हतं ते एकच. ते रखमाजींना कळलं, तेही एका कोटामुळं.

त्या दिवशी रखमाजी लवकर आले होते. उन्हातून चालून घामाघूम झालेले. कोट आणि टोपी खुंटीवर अडकवून ते मागं रांजणाकडं पाणी प्यायला गेले. हातात तांब्या घेऊन परत दारात येतात तो निजामोद्दीन मास्तर खोलीत उभे. खुंटीवरच्या कोटाकडं तोंड करून, हात कपाळाला लावून म्हणताहेत, "सलाम, रखमाजी मास्तर. आज जल्दी आले?"

रखमाजींना हसू फुटलं. कोट काही बोलेना, तसे निजामोद्दीन मास्तर जरा थांबले आणि काळजीच्या सुरात म्हणाले, "तबियत बरी न्हाई का?"

तेव्हा रखमाजींचं हसू घशातच अडकलं. ते पायरी उतरून मागं सरले, मुद्दाम पाय वाजवत पुन्हा आत आले. निजामोद्दीन मास्तर वळले. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळा रंग उतरला होता. कोटाला सलाम झाला हे त्यांना कळलं होतं आणि तो कुणीतरी पाहिला हेही कळलं होतं.

"दूध सांडल्यावानी दिसून राह्यलं सगळं," ते हळूच म्हणाले. "आधी फळ्यावरची अक्षरं गेली. मंग पोरांची तोंडं गेली. आता उजेड कोन्या बाजूनं हाय, तेवढंच कळतं. हकीम म्हन्तो, इलाज न्हाई. मास्तर, कुणाला बोलू नका. सरकारला आंधळा मास्तर चालत न्हाई. मला काढलं तर माझं घर बसंल. आन इथली इंग्रजीबी बसंल, इतक्या आडगावात दुसरा कोन येनार?"

रखमाजी हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात त्या घटकेला मोठ्या मास्तरांची खुर्ची येऊन गेली. तपासणीला येणाऱ्या साहेबाच्या कानात एक शब्द टाकायचा, की काम झालं. माणूस वाईट नव्हता. पण खुर्चीला पाठ होती आणि रखमाजींच्या स्टुलाला नव्हती, आणि अशा गोष्टी माणसाच्या मनात येतात.

तो शब्द त्यांनी का टाकला नाही, त्याचं कारण म्हणजे त्या घंट्या.

सुगीचे दिवस होते. निम्मी शाळा खळ्यावर गेली होती. गावातले मोठे जमीनदार काकासाहेब यांच्या खळ्यावर मळणी चालली होती आणि तिथं अडकलेली पोरं आणायला दोघे मास्तर निघाले. एका दाव्यात जुंपलेल्या बैलांची पात खळ्याच्या मधल्या खांबाभोवती, मेढ्याभोवती फिरत होती. निजामोद्दीन मास्तर खळ्याच्या काठाशी जे उभे राहिले, ते हलेचनात. मान तिरकी, डोळे मिटलेले. "मेढ्याजवळचा बैल म्हातारा हाय," ते म्हणाले. "त्याच्या गळ्यात एकच घंटी. बाहेरच्या अंगाला तरणा, त्याला घुंगुरमाळ. बराबर?"

बरोबर होतं. पोरं तर सोडाच, काकासाहेबांनी तोंडातलं पान चघळायचं थांबवलं.

पुढच्या बाजारात निजामोद्दीन मास्तरांनी कासाराकडून घंट्या घेतल्या, घुंगुरमाळा घेतल्या आणि एक चांगला वळलेला कासरा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना पटांगणात काढलं आणि पुस्तक खोलीतच राहू दिलं. एकट्या वस्तूचं नाव ज्याच्या वाट्याला येईल त्याच्या गळ्यात एक घंटी. पुष्कळ वस्तूंचं नाव ज्याच्या वाट्याला, त्याला घुंगुरमाळ. आणि क्रियापदाला त्यांनी नाव दिलं गाडीवान. गाडीवान म्हणजे सरदारपुऱ्यातला इब्राहीम, कारण त्याचा बाप खरोखरच गाडी हाकायचा. कासरा त्याच्या हातात.

इंग्रजीत जोडीनं येणारे काही शब्द असतात. एक आला की दुसऱ्याला यावंच लागतं. पोरं आजवर ते घोकून घोकून रडकुंडीला आली होती. आता 'आयदर' झाला पुंजाराम आणि 'ऑर' झाला रामकिसन. एक तापानं पडला की दुसऱ्यालाही त्या दिवशी रांगेत जागा नसे, मग तो भिंतीवर बसून पाय हलवत जोडीदाराला शिव्या घालायचा. पुढं ही पोरं मोठी झाली, शेती करू लागली, तरी गाव त्यांना आयदर आणि ऑर याच नावानं हाक मारायचं.

"बोथ आन अँड आले की कासरा दोघान्लाबी," निजामोद्दीन मास्तर रांगेतून फिरत सांगायचे. "दोघं मिळून वढनार. गाडीवान काय म्हननार?"

"आर!" इब्राहीम ओरडायचा.

"आन आयदर–ऑर आले तर? दोघांतला एकच वढनार. मंग गाडीवान कोनाकडं बघनार?"

"जवळच्याकडं!" सगळं पटांगण ओरडायचं. गाडीवानाशेजारी एकटी घंटी असली तर "इज", घुंगुरमाळ असली तर "आर". लांबच्या टोकाला कुणी का उभा असेना, गाडीवानाला त्याचं काही देणंघेणं नाही. नीदर–नॉरचं तेच, नॉट ओन्ली–बट ऑल्सोचंही तेच. मास्तर पोरांच्या जागा पुन्हा पुन्हा बदलायचे. पोरं पळायची, घंट्या वाजायच्या, कोण कुठं जाऊन उभा राहिला हे मास्तरांना कळायचं आणि ते बोट दाखवून नेमका चुकलेला पोरगा पकडायचे. लोक बघत राहायचे. पाण्याला निघालेल्या बाया घागरी उतरवून भिंतीशी थांबायच्या.

रखमाजी खिडकीतून बघायचे. सुरुवातीला नाक मुरडून. घंट्या म्हणजे या माणसाचे डोळे आहेत, हे त्यांना एकट्यालाच माहीत होतं. आंधळेपण लपवायला माणसानं बैलाच्या घंट्या आणाव्यात आणि त्यातून अख्खं व्याकरण उभं करावं, हे त्यांना आधी लबाडीचं वाटलं, मग हुशारीचं वाटलं आणि मग ते नुसतेच बघत राहू लागले. त्यांचा स्वतःचा वर्ग मागं दंगा करत असायचा आणि त्यांना ऐकू जायचं नाही.

एके दिवशी ते स्वतःच्या वर्गात बोलता बोलता थबकले. वाक्य साधंच होतं, मराठीतलं. "शेतात चार बैल किंवा एक म्हैस आली." त्यांनी ते पुन्हा म्हटलं. मग उलटं म्हटलं. "एक म्हैस किंवा चार बैल आले." आयुष्यभर हे बोलत आलो, इतकी वर्षं मराठी शिकवली, आणि आपल्याही भाषेतला गाडीवान जवळच्याचीच शेपटी धरतो हे कधी ध्यानात आलं नाही! ते तसेच पटांगणात धावले आणि निजामोद्दीन मास्तरांना धापा टाकत ते सांगितलं.

निजामोद्दीन मास्तर लहान पोरासारखे हसले. "जिभेला ठाऊक व्हतं, मास्तर," ते म्हणाले. "आपल्याला ठाऊक न्हवतं. पाद्रीसाहेबाची जीभ आन गोजरबाईची जीभ, अल्लानं एकाच मातीची केलीय, दुसरं काय!"

रखमाजींना त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. दुःख नव्हतं ते. कुणीतरी घराची भिंत काढून टाकावी आणि पलीकडं केवढं तरी शिवार दिसावं, तसं झालं होतं. त्या दिवसापासून त्यांनी खुर्चीचा विचार सोडला आणि रोज दुपारी ते पटांगणाच्या भिंतीवर जाऊन बसू लागले. डोळे मिटून. आपल्यालाही ऐकू येतं का, हे बघायला. हळूहळू येऊ लागलं.

अशी दोन-तीन वर्षं गेली आणि घंट्यांचा आवाज टेंभुर्णीच्या बाहेरही गेला. शाळेत पोरांना बैल करतात, असं कुणीतरी वर सांगितलं. एका थंडीत तपासणीचे नवे साहेब टांग्यातून येऊन शाळेपुढं उतरले. गंभीर चेहरा, जाड चष्मा, कडक इस्त्रीची शेरवानी. निजामोद्दीन मास्तर पुढं झाले आणि त्यांनी वाकून सलाम केला. टांगेवाल्याला. तो आधी उतरला होता.

साहेबांनी चष्म्यातून नुसतं बघितलं.

पटांगणात वर्ग सुरू झाला. त्या दिवशी पोरं अशी चालली की भिंतीवर बसलेले काकासाहेब दोनदा "वाहवा" म्हणाले. आयदर, नीदर, बोथ, कुठंही चूक नाही. साहेबांचा गंभीर चेहराही सैल झाला. मग त्यांनी हात वर केला आणि उर्दूत हुकूम सोडला. घंट्या काढा. सगळ्या. जमिनीवर ठेवा.

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. घंट्या मातीत ठेवल्या. पटांगण एवढं शांत झालं की टांग्याच्या घोड्याचं फुरफुरणं ऐकू येऊ लागलं. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दोन पोरांना दंडाला धरून, आवाज न करता, एकमेकांच्या जागी उभं केलं. आधी गाडीवानाशेजारी घंटीवाला होता. आता माळेवाला आला.

"बोला, मास्तर," साहेब म्हणाले. "आयदर–ऑर आहे. इज का आर?"

निजामोद्दीन मास्तर उभे राहिले. मान तिरकी केली. ऐकायला काहीच नव्हतं. रखमाजींनी भिंतीचा दगड दोन्ही हातांनी धरला. इतकी वर्षं राखलेलं सगळं त्या शांततेत उभं होतं. सरदारबी, मास्तरांची बायको, जी रोज सकाळी घागर घेऊन नवऱ्याच्या पुढं पुढं चालायची आणि वाट कळावी म्हणून बांगड्या वाजवायची, ती कोपऱ्यावर पदर तोंडात धरून उभी होती.

तेवढ्यात रांगेत कुणीतरी खोकलं. मग दुसऱ्या टोकाला कुणीतरी खोकलं. मग पुंजारामनं पायाच्या अंगठ्यानं मातीत खर्रकन रेघ ओढली आणि पाठोपाठ तीन-चार पोरांनी घुंगरू वाजल्यासारखी बोटं चुटचुट वाजवली. माळ. माळ जवळ आहे, मास्तर.

रखमाजींनी एकेका पोराच्या तोंडाकडं बघितलं. म्हणजे पोरांना ठाऊक होतं! आजपासून नाही, कधीपासूनच. मास्तरांच्या वाटेत कधी बाक आला नाही की दप्तर आलं नाही. रांगेत जागा बदलताना पोरं उगाच उड्या मारायची, घंटी जास्त वाजावी म्हणून. एकाही पोरानं घरी जाऊन तोंड उघडलं नव्हतं. अख्खी शाळा एक गुपित पोटात घेऊन रोज इंग्रजी शिकत होती आणि रखमाजी समजत होते की ते आपल्या एकट्याकडंच आहे.

निजामोद्दीन मास्तरांनाही ते त्याच क्षणी कळलं. त्यांचा चेहरा आधी चकित झाला आणि मग त्यावर असं काही आलं की रखमाजींना मान वळवावी लागली. उत्तर त्यांच्या हातात होतं. नुसतं "आर" म्हणायचं, की नोकरी वाचली.

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कोनी खोकू नका, पोरांनो," ते म्हणाले. मग साहेबांच्या आवाजाच्या दिशेला वळले. "साहेब, मला दिसत न्हाई. लई दिवस झाले. पोरं माझ्यासाठी लबाडी करून राह्यली. मी त्यान्ला इंग्रजी शिकवलं, लबाडी शिकवली न्हवती. ती माझं बघून शिकली असतील. कसूर माझा हाय, त्यान्ला काही बोलू नका."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "कायदा तुम्हाला माहीत आहे," ते अखेर म्हणाले. आवाज कडक नव्हता, पण शब्द तेच होते. "ज्याला पुस्तक वाचता येत नाही, त्याच्या हाती वर्ग देता येत नाही. या शाळेत इंग्रजी वाचणारा दुसरा कोण आहे? नसेल तर वर्ग आजपासून बंद."

रखमाजी भिंतीवरून कधी उतरले हे त्यांना पुढं कधीच आठवलं नाही. "मी हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"पोरांच्या पाटीवर बघून बघून अक्षरं येतात, साहेब. वाचून दाखवीन. काय वाचलं ते मला कळनार न्हाई." त्यांचा भरलेला आवाज पार बारीक झाला होता. "यान्ला अक्षर दिसत न्हाई, पर कळतं सगळं. मी वाचीन, हे शिकवतील. दोघं मिळून एक मास्तर धरा. आन हे रांगेचं म्हनाल, तर तेवढं मलाबी ऐकून ऐकून यायला लागलंय. यांच्याच पायी."

कायद्यात दोघं मिळून एक मास्तर असं कुठं लिहिलेलं नसणार, हे सगळ्यांनाच कळत होतं. साहेबांचे ओठ हलले, बहुधा नाहीच म्हणायला.

आणि तेव्हा गाडीवान पुढं आला. कुणी सांगितलं नव्हतं. इब्राहीमनं खांद्यावरचा कासरा उतरवला, निजामोद्दीन मास्तरांच्या कमरेभोवती एक वेढा दिला, उरलेला रखमाजींच्या कमरेभोवती टाकला आणि दोन्ही टोकं हातात धरून तो साहेबांपुढं ताठ उभा राहिला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"बोथ–अँड हाय, साहेब," इब्राहीम म्हणाला. "कासरा दोघान्लाबी लागतो."

भिंतीवरचे काकासाहेबसुद्धा हसले नाहीत. गोजरबाईनं शेणाचे हात पदराला पुसले. साहेब एकदम पाठ करून टांग्याकडं तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. वळले तेव्हा त्यांनी मातीतली एक घुंगुरमाळ स्वतः उचलली, झटकली आणि शेजारच्या पोराच्या गळ्यात घातली.

"या शाळेत इंग्रजी वाचणारा आहे आणि शिकवणाराही आहे," ते म्हणाले. "मला तेवढंच बघायचं होतं. वर्ग चालू ठेवा."

मग जो गलका उठला, त्यात कुणाला काही ऐकू येईना. पोरं घंट्यांवर तुटून पडली. सरदारबी कोपऱ्यावरच मटकन खाली बसली. निजामोद्दीन मास्तर मात्र जागचे हलले नव्हते. एवढ्या आवाजात त्यांचे कानही त्यांना सोडून गेले होते. त्यांनी कमरेचा कासरा चाचपला आणि तो धरून हळूहळू, हाताहातानं पुढं सरकत गेले. दुसऱ्या वेढ्याशी पोचले. तिथं एक कोट लागला. त्यांनी तळहात त्या कोटावर टेकवला. आत छाती धडधडत होती.

त्यांनी हात कपाळाला लावला. "सलाम, रखमाजी मास्तर."

रखमाजींना इतक्या वर्षांपूर्वी द्यायचं राहून गेलेलं उत्तर आता द्यायचं होतं. त्यांनी ते दिलं. "वालेकुम सलाम, मास्तरसाहेब. मी हाय."